भिंतीवरचे फोटू

मागच्या उन्हाळ्यात देवणीतलं आमचं जुनं घर पाडायला काढलं. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, भिंतीत कोनाडे, वर माळवद. पावसाळ्यात माळवद गळायचं आणि आजोबा गेल्यापासून वर चढून माती टाकणारं कुणी उरलं नव्हतं. आता त्याच जागी स्लॅबचं घर व्हायचं होतं. गवंडी येणार त्याच्या आदल्या दिवशी आजीनं मला स्टुलावर चढवलं आणि म्हणाली, "पहिले फोटू उतरव. मग बाकीचं."

एकोणीस निघाले. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन. पंढरपूरहून आणलेले विठ्ठल-रुक्मिणी, तुळजापूरहून आणलेली भवानी. काच तडकलेले शंकर-पार्वती. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून कापून चौकटीत बसवलेली, हातात निरांजन घेतलेली एक बाई. गांधीजी, नेहरू. उदगीरच्या स्टुडिओत काढलेला आजी-आजोबांचा फोटो, मागे पडद्यावर रंगवलेला बंगला आणि कारंजं. आणि आजोबांचा वळू, शिंगांना रिबिनी बांधलेला. आमच्या देवणी जातीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात. हा वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या बाजू काळ्या. तो लक्ष्मीच्या शेजारीच टांगलेला होता आणि त्यात कुणालाही कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तीन तसबिरींच्या मागे चिमण्यांची जुनी घरटी निघाली. सुतळीनं टांगलेली तसबीर वरून पुढे झुकते, मागे तिकोनी पोकळी राहते आणि चिमणीला तेवढी जागा पुरते. काचेच्या पुढे देव, मागे गवताच्या काड्या.

मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. कमी पैशात भिंत कशी सजवावी यावरचे रील्स मी कितीतरी रात्री बघितले आहेत. दिव्यांच्या माळा, वेताच्या टोपल्या, 'मिनिमल' चित्रांचा तीनचा सेट. त्या दिवशी स्टुलावर उभी असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की हा प्रश्न आमच्या घरानं माझ्या पणजीपासून सोडवत आणलेला आहे, आणि मी तो सोडवलेला आहे हेच ओळखलं नव्हतं. मग त्या एकोणीस चौकटी कुठून आल्या याचा माग काढायला लागले.

आधी 'फोटू' या शब्दाबद्दल. आमच्याकडे काचेत बसवलेलं आणि भिंतीवर टांगलेलं काहीही फोटूच असतं. देवाचा फोटू, गांधींचा फोटू, रवि वर्म्याच्या लक्ष्मीचाही फोटूच. लक्ष्मी कॅमेऱ्यासमोर कधी बसली, असं विचारणाऱ्याला खुळ्यात काढतील. त्याआधीचा शब्द तसबीर, तो अरबी-फारसीतून आला. जुन्या माणसांच्या तोंडात तो अजून आहे.

कागद येण्याआधी गरिबाच्या भिंतीवर काय होतं? बरंच काही होतं, पण टिकणारं नव्हतं. दसऱ्याच्या आधी भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरायचा, खाली गेरूचा पट्टा यायचा. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे. सणाला, लग्नाला ओल्या हाताचे थापे उठवायचे. हे सगळं बायका करायच्या, त्याला पैसा लागायचा नाही आणि पुढच्या सारवणात ते पुसलं जायचं. टिकाऊ सजावट हा वाड्याचा मान. कोरीव खांब, नक्षीचा दरवाजा आणि फारच बरकत असेल तर बिदरी. बिदर आमच्यापासून लांब नाही. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं, त्यात चांदीच्या तारेची नक्षी ठोकून बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून बाकीचं अंग काळंभोर करायचं. हुक्का, सुरई, पानदान. शेजारच्याच गावची कला, पण आमच्या घरात तिचा एक तुकडाही कधी नव्हता.

अपवाद एकच, जिवतीचा कागद. श्रावण आला की महाराष्ट्रभर घराघरांत छापील चित्राचा हा एक कागद भिंतीवर चिकटवला जातो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. बारीक, ठसठशीत रेघांचं चित्र, काही पैशांना मिळणारं. लेकरांच्या आयुष्यासाठी त्याची पूजा करायची. अनेक घरांत शिरलेलं पहिलं छापील चित्र हेच असणार, असं मला वाटतं. त्याचा मुक्काम मात्र महिन्याभराचा. श्रावण संपला की कागद विसर्जनाला.

वर्षभर भिंतीवर राहणारं, रंगीत आणि तरीही परवडणारं चित्र यायला एका दगडाची गरज होती.

१७९६ च्या सुमारास बव्हेरियात अलोइस सेनेफेल्डर या माणसानं शिळाछापाची युक्ती शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड पाण्यानं ओला करायचा, मग त्यावर तेलकट शाई फिरवायची. पाणी शाईला झिडकारतं, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. कागद दाबला की चित्र उमटतं. रंगीत चित्र हवं असेल तर रंग जितके, दगडही तितके. एकाच कागदावर एकामागून एक दगड दाबायचा आणि प्रत्येक वेळी रेघ रेघेवर बसायला हवी, नाहीतर देवाचं कुंकू नाकावर. ही मेहनत पहिल्या प्रतीपर्यंतची. त्यानंतरच्या हजारो प्रतींना खर्च कागद आणि शाईचा. हाताचं चित्र प्रत्येक वेळी नव्यानं महाग असतं, दगडाचं चित्र एकदाच महाग असतं. स्वस्ताईचं मूळ इथं आहे.

पुण्यात हा दगड १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हाती लागला. निबंधमाला काढणारे, पुढे टिळक-आगरकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढणारे तेच. शाळेत आपण त्यांना जळजळीत गद्य लिहिणारा माणूस म्हणून शिकतो, चित्रांच्या छापखान्याचा मालक म्हणून नाही. पण त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन चित्रशाळा नावाचा छापखाना सुरू केला आणि देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं छापायला घेतली. रामपंचायतन हे त्यातलं गाजलेलं चित्र, नाना फडणवीसही त्यांनी छापले. शास्त्रीबुवा १८८२ मध्येच गेले, चित्रशाळा मात्र पुढं अनेक वर्षं वासुकाका जोशींनी चालवली. निबंध लिहिणाऱ्या माणसाला चित्रं का छापावीशी वाटली असतील? माझा अंदाज साधा आहे. त्या काळात वाचता येणारी माणसं मूठभर होती. निबंधमाला ज्या घरात कधी जाणार नव्हती, त्या घरात नाना फडणवीस भिंतीवर जाऊन बसू शकत होते.

आमच्या घरातलं रामपंचायतन चित्रशाळेचं नाही. त्याच्या खाली वेगळ्याच छापखान्याचं अर्धवट फाटलेलं नाव आहे. पण मधोमध राम-सीता, भोवती तिघं भाऊ, पायाशी मारुती ही मांडणी एकदा लोकांच्या डोळ्यांत बसली आणि मग ती कुणाचीच राहिली नाही. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. प्रत्येक नकलेत सीतेच्या साडीचा रंग थोडा बदलतो.

आता रवि वर्मा. त्रावणकोरातल्या किलिमानूरचा हा चित्रकार राजेरजवाड्यांसाठी तैलचित्रं काढायचा. एक एक चित्र बघायलासुद्धा राजवाड्यात ओळख लागायची. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी त्यांना सुचवलं होतं की तुमची चित्रं मागणाऱ्या सगळ्यांना तुम्ही हातानं पुरे पडणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रवि वर्मांनी पुढे जाऊन छापखानाच घातला. १८९४ साली मुंबईत, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथून सुरुवातीलाच निघालं. मग ती लक्ष्मी, कमळावर उभी, चार हात, शेजारी हत्ती. आणि ती सरस्वती, खडकावर बसलेली, मांडीवर वीणा, जवळ मोर. तुमच्या घरात, आजोळात, किराणा दुकानात, एसटीच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर जी लक्ष्मी तुम्ही पाहिली आहे, ती या लक्ष्मीची नात किंवा पणती आहे. देवी समोरच्या घरातल्या बाईसारखी साडी नेसून उभी राहिली आणि माणसांना ती आपली वाटली.

छापखान्यानं मालकाला मात्र तारलं नाही. मुंबईत प्लेग आला, मजूर पळाले, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला, कर्ज वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रवि वर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. १९०६ मध्ये रवि वर्मा वारले. श्लायशरनं धंदा व्यवस्थित चालवला. साबणाच्या, औषधाच्या कंपन्यांना जाहिरातीसाठी चित्रं दिली. याच छापखान्यासाठी काम केलेला एक तरुण पुढे स्वतःचा छापखाना काढून बसला आणि नंतर तोही सोडून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आला. दादासाहेब फाळके. भिंतीवरचे देव हलायला लागले ते असे. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला.

आमच्या लक्ष्मीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिची साडी खरी आहे. म्हणजे छापील साडीवर माझ्या पणजीनं जुन्या शालूची जर कापून चिकटवली आहे, गळ्यात बारीक मणी, कपाळावर टिकली. हे एकट्या पणजीचं डोकं नाही. त्या काळात कितीतरी बायकांनी या छापील देवींना जर, टिकल्या, मणी लावून सजवलं, आणि तशी चित्रं आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. हजार घरांत एकच लक्ष्मी होती. पणजीनं तिला घरच्या शालूत आणलं आणि ती आमची झाली. मी रील्समध्ये 'कस्टमाइज' हा शब्द ऐकते तेव्हा हल्ली मला तो शालू आठवतो.

स्वस्त चित्रानं काही मारलंही, ते सांगायला हवं. कलकत्त्यात कालीघाटच्या देवळाबाहेर पटुआ लोक ब्रशच्या चार-सहा झपाट्यांत पटचित्र काढून यात्रेकरूंना विकायचे. तेही गरिबाचंच चित्र. जर्मनीतून आणि मग इथूनच चकचकीत छापील चित्रं आली, तेव्हा पटुआंचं गिऱ्हाईक गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत तो धंदा बसला. आमच्याकडेही तेच झालं, फक्त त्याची कुणी नोंद केली नाही. आजीला भिंतीवर नाग काढता येतो. आईला येत नाही. मला तर बोट कुठून सुरू करायचं तेही माहीत नाही.

मुंबई-पुण्याचा कागद देवणीला पोचायचा कसा? देवणी तेव्हा निजामाच्या राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा सगळा पट्टा बिदर जिल्ह्यात मोडायचा. निजामाचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. पुण्याहून निघालेला राम आमच्यासाठी परराज्यातला माल होता.

त्याला रस्ता दिला तो वारीनं आणि एका छोट्या रेल्वेनं. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची खेळण्यासारखी गाडी. ती १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि दुसऱ्या बाजूनं १९११ मध्ये लातूरला. निजामाच्या राज्यातलं लातूर आणि इंग्रजी मुलखातलं पंढरपूर कुर्डुवाडीमार्गे जोडलं गेलं. देवणीचा माणूस लातूरपर्यंत बैलगाडीनं, पुढे गाडीनं. येताना प्रसाद, बुक्का, तुळशीची माळ आणि गुंडाळी करून आणलेला विठोबा. चौकट नंतर, सुगीत पैसा आला की. आमच्या विठ्ठलाच्या कागदावर आडव्या घड्यांचे पांढरे पट्टे आहेत. तो किती दिवस नुसता घडी घालून पेटीत होता कोण जाणे.

देव कागदावर आला म्हणून ज्यांना देवळात शिरू देत नव्हते त्यांच्याही घरात पोचला, असं वाक्य रवि वर्मांवरच्या लिखाणात हमखास येतं. ते खरं आहे, पण अर्धं. देवळाचं दार त्यानं उघडलं नाही. नाशिकला काळाराम मंदिरात शिरण्यासाठी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावाच लागला आणि पाच वर्षं करूनही दार उघडलं नाही. घरी राम भिंतीवर होता, गावात देवळात बंद होता. हे रोज बघणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल?

माझी शाळेतली मैत्रीण देवणीतच राहते. तिच्या पणजोबांनी ते उत्तर दिलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यासोबतच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये जुन्या देवांची पूजा करणार नाही हेही होतं. मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत त्यानंतर देव उतरले. मैत्रिणीच्या घरात सांगतात की पणजोबांनी सगळ्या तसबिरी पोत्यात घातल्या, नदीत सोडल्या आणि चौकटी मात्र परत आणल्या. लाकूड चांगलं होतं, काच महाग होती. काही महिने त्या चौकटी रिकाम्याच भिंतीला होत्या. मग त्यांच्यात बुद्ध आला, बाबासाहेब आले. रिकाम्या चौकटींचं घर हे मी ऐकलेलं गृहसजावटीचं सगळ्यात जबर वर्णन आहे.

आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेलं की पुस्तकांच्या आणि तसबिरींच्या दुकानांच्या रांगा लागलेल्या असतात. निळा कोट, हातात पुस्तक. माणसं पिठलं-भाकरी बांधून येतात आणि जाताना गाडीच्या गर्दीत फोटो छातीशी धरून नेतात. कागद तोच, शाई तीच, चौकटही तीच. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर आमच्या भागात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. घर पेटलं की आधी जातो तो कागदच. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मैत्रिणीच्या बैठकीत त्या तारखेचा एक छापील फोटो आहे. तिला मी पुण्याहून काय आणू विचारलं तर म्हणते, "भिंत भरलेली हाय माझी."

देवणीच्या बाजारात पूर्वी एक चौकटवाला बसायचा. आता नाही. लाकडी पट्टी, करवत, पंचेचाळीस अंशांचा खाचा पाडलेला ठोकळा, पुठ्ठा आणि चुका. त्याच्या भिंतीला तयार माल एकाखाली एक टेकवलेला असायचा. मक्का-मदिना, काळ्या मखमलीवर सोनेरी आयत, अजमेरचा दर्गा, बालाजी, बाबासाहेब, लग्नातलं जोडपं. हैदराबादी वळणाच्या आमच्या गावांत हे सगळं एकाच करवतीखालून जायचं. तसा हा धंदा मुळात चौकटीवाल्यांनीच वाढवला. १९२० च्या दशकात कराचीत तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या ब्रिजबासींनी जर्मनीतून चित्रं छापून आणायला सुरुवात केली, फाळणीनंतर ते इकडे आले आणि त्यांचे राधाकृष्ण देशभर गेले.

स्वातंत्र्यानंतर, म्हणजे आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ नंतर, चित्र विकत घेण्याचीही गरज उरली नाही. ते फुकट यायला लागलं. आडत दुकान, बियाण्याचं दुकान, सराफ, सगळे दिवाळी-जानेवारीत कॅलेंडर वाटायचे. वर मोठं चित्र, खाली तारखांची छोटी चोपडी. डिसेंबर संपला की तारखा फाडायच्या आणि चित्र ठेवायचं. आमचे शंकर-पार्वती असेच आलेले, खालच्या बाजूला दुकानाचं नाव चौकटीनं अर्धं झाकलंय.

या कॅलेंडरांचा एक मोठा चित्रकार आमच्याच जुन्या राज्यातला. एस. एम. पंडित, जन्म १९१६, गुलबर्गा. मुंबईत शिकले, सिनेमाची पोस्टरं केली आणि मग कॅलेंडरांसाठी पौराणिक चित्रं. त्यांचे देव पिळदार अंगाचे, हॉलिवूडच्या उजेडात उभे असलेले. गोव्याचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे त्यांचे समकालीन. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची ती डौलदार मराठी बाई घराघरात गेली. मजकूर वाचून झाला की मुखपृष्ठ कापायचं. आमची निरांजनवाली तशीच आली. मी सही शोधली, पण कापणाऱ्यानं नेमका तोच कोपरा कापलेला.

तिकडे दक्षिणेत कोविलपट्टीला कोंडय्या राजू आणि त्यांचे शिष्य देव रंगवत होते आणि शिवकाशीत ते छापले जात होते. दुष्काळी, कोरडं गाव. १९२० च्या दशकात तिथले दोघे नाडर काड्यापेट्या कशा करतात ते शिकायला कलकत्त्याला गेले. काड्यापेटीमागून फटाके आले, दोन्हींना लेबलं लागतात म्हणून छपाई आली, आणि छपाईतून कॅलेंडरं. कोरडी हवा छपाईला मानवते, हा दुष्काळाचा एकमेव फायदा मी ऐकलेला आहे. तो लातूरला कधी मिळाला नाही.

मग १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' आलं आणि हळूहळू खिळ्यावरचं चित्रच गेलं. तिथी, सण, सुट्ट्या, मागे वाचायला मजकूर. उपयोगाची चीज, घराघरात हवीच. पण जिथं शंकर-पार्वती होते तिथं मोठ्या अक्षरांतल्या तारखा आल्या. याबद्दल मला कुणी रडलेलं आठवत नाही.

शिकलेली माणसं या सगळ्याला आधीपासून नाक मुरडत होती. आनंद कुमारस्वामींना रवि वर्मा नाटकी वाटले होते. पुढे तर 'कॅलेंडर आर्ट' ही शिवीच झाली. मी अकरावीला लातूरला क्लाससाठी खोली घेतली तेव्हा माझ्या भिंतीवर आवर्तसारणी आणि माणसाच्या हृदयाचा तक्ता होता. तिथं सगळ्यांच्या भिंतींवर तेच असतं. सुट्टीत मैत्रिणी देवणीला येणार होत्या, तर मी आईला म्हटलं होतं की बैठकीतले ते फोटू काढून ठेव, गावंढळ दिसतं. आई काही बोलली नाही. आजीनं विचारलं, "मग भिंतीला काय लावतीस? चुना?" मैत्रिणी आल्या, फोटू तिथंच होते, आणि त्यांच्या घरीही तेच फोटू होते हे जेवताना कळलं.

भिंती मात्र बदलत गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली. अनेकांचा जीव घेतला तो याच दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. देवणीत पडझड तेवढी नव्हती, पण खिळ्यावरच्या तसबिरी पडल्या आणि आजी सांगते की त्यानंतर कित्येक महिने लोक अंगणात झोपले. शंकर-पार्वतीची काच तेव्हाच तडकली. त्या रात्रीनंतर जाड भिंतीवरचा विश्वास उडाला. पत्रे आले, पातळ विटा आल्या, आता स्लॅब आणि पुट्टी. कोनाडे गेले. कोनाड्यात दिवा आणि वर फोटू ही जोडीच मोडली.

पुण्यातल्या माझ्या खोलीत तर खिळाच ठोकता येत नाही. भाडेकरारात तसं कलम आहे, एका भोकाचे इतके रुपये अनामत रकमेतून कापणार. त्यामुळे माझी पिढी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर जगते. जड चौकट टिकत नाही, काच धोक्याची, म्हणून नुसता कागद. फिरून जिवतीच्या कागदावरच आलो की.

तरी एक गोष्ट आपल्याकडे आहे जी पणजीकडे नव्हती. आपल्या कायद्यात चित्रकार वारल्यावर साठ वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो. रवि वर्मांची चित्रं कधीच मोकळी झाली आहेत. दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये, पंडित १९९३ मध्ये; त्यांची चित्रं अजून हक्कात आहेत, ती अशी छापून घेऊ नयेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रवि वर्मा प्रेसची आणि पुण्याच्या चित्रशाळेचीही छापील चित्रं आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर हक्कमुक्त चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. ज्या कागदाला आमच्याकडे धुरानं काळा थर आला, तोच कागद तिथं काचेआड जपून ठेवलाय. मी एक निवडला, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर बारा बाय अठरा इंचांत छापला. ऐंशी रुपये. तो म्हणाला, "देवाचा आहे ना, मग लॅमिनेशन करू?" मी नको म्हटलं. लॅमिनेशन केलं की दिव्याचा उजेड त्यावर चमकतो आणि चित्र दिसतच नाही. मॅट कागद घ्या, समोरच्या ट्यूबलाइटखाली लावू नका, आणि चित्राचा मध्य आपल्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. बजेट डेकोरचा माझा सल्ला एवढाच आहे.

देवणीचं घर या दिवाळीआधी उभं राहिलं. एकोणीसपैकी सात फोटो वाळवीनं पार खाल्ले होते, ते आजीनं पिंपळाखाली नेऊन ठेवले. देवाचा फोटो कचऱ्यात टाकत नाहीत. नेहरू चुलत्यानं नेले. निरांजनवाली मी पुण्याला आणली, ती टेपवर तीन दिवस राहिली आणि चौथ्या रात्री पडली. आता टेबलावर भिंतीला टेकून उभी आहे.

बाकीचे दहा परत लावायचे होते. पुट्टीच्या भिंतीला हातानं खिळा ठोकला तर पापुद्रा निघतो, म्हणून वायरमनला ड्रिल मशीन घेऊन बोलावलं. त्यानं आजीला विचारलं, "मावशी, फोटू कुठं घ्यायचे? एका लाइनीत घेऊ का?" आजी बैठकीच्या मधोमध उभी राहिली. आधी लक्ष्मी सांगितली. मग थोडा विचार करून म्हणाली, "तिच्या शेजारी बैल."

वायरमननं पेन्सिलीनं दोन फुल्या मारल्या.